शालवाली आणि चौदा चकचकीत अवजारं

डोळे मिटा बरं जरा. फटीतून बघितलंत तरी मी काही म्हणणार नाही. एक चार मजली इमारत आणा डोळ्यांसमोर. पुढे फाटक आणि उन्हातलं छोटं अंगण. मागे एक जुनं झाड, दोन मुलांनी हात धरले तरी कवेत न मावणारं. त्या झाडाच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्ये दोन खाटा मावतील एवढी जागा आहे. तिथे ऊन येतं ते तुम्हाला दात घासायला लागतो तेवढाच वेळ. आली जागा? आता तिथे उकिडवी बसलेली एक मुलगी बघा. वय वर्षं दहा. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे. इमारतीत मात्र सगळे तिला मुंगी म्हणतात, कारण ती सदानकदा जमिनीकडे बघत असते.

आता मान वळवा आणि पुढच्या अंगणात बघा. पांढरेशुभ्र हातमोजे घालून, कमरेवर हात ठेवून उभे आहेत ते बागमास्तर. ते मास्तर कधीच नव्हते. आयुष्यभर त्यांनी पंप विकले, आणि निवृत्त झाल्यावर एक पुस्तक वाचलं. अर्धं. तेवढ्यावर ते इमारतीच्या बाग समितीचे अध्यक्ष झाले. समितीत आणखी दोघं होती, पण बागमास्तरांचं बोलणं ऐकून ऐकून एकाने पाठदुखीचं आणि दुसऱ्याने कानदुखीचं कारण सांगून अंग काढून घेतलं. दुसऱ्याचं कारण मला पटतं.

जिन्याखाली बागमास्तरांची अवजारं टांगलेली असत. चौदा. लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने, आणि प्रत्येकाचा आकार भिंतीवर रंगाने काढलेला, म्हणजे अवजार आपली जागा विसरायला नको. खुरपी, पावडी, पंजे, कात्र्या. सगळी आरशासारखी लखलखीत. मुलांनो, मातीत काम करणाऱ्या माणसाची खुरपी कधी बघितलीत? तिच्या दांड्याला घाम मुरलेला असतो आणि पात्याची एक बाजू झिजलेली असते. बागमास्तरांच्या एकाही अवजाराची माती नावाच्या पदार्थाशी ओळख नव्हती.

मग त्यांची बाग फुलायची कशी? सोपं आहे. ते रोपवाटिकेतून फुललेल्या कुंड्या आणत, कुंडीसकट खड्ड्यात बसवत आणि काठ मातीने झाकून टाकत. फुलं कोमेजली की कुंडी उपटायची, दुसरी बसवायची. याला बाग करणं म्हणायचं असेल, तर दुकानातून गोष्टीचं पुस्तक आणून त्यावर आपलं नाव चिकटवणाऱ्यालाही लेखक म्हणावं लागेल. पण येणारेजाणारे म्हणत, "वा, काय हात आहे तुमचा!" आणि बागमास्तर हातमोज्यातला तो हात नम्रपणे हलवत.

मुंगीचे बाबा मोजणीदार होते. कुठे रस्ता व्हायचा असला की तिथे जाऊन ते दोऱ्या धरत, खुंट्या ठोकत आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येत. एकदा आले ते जेवणाचा डबा उघडायच्या आधीच म्हणाले, "सांभाळून. आत जेवण नाहीये."

डब्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेला एक गड्डा होता. बोटाएवढं आडवं मूळ, त्यावर अर्धवट मिटलेल्या पंजासारखी दोन पानं, आणि दोन्ही टोकांना निमुळत्या अशा दोन शेंगा.

"हे काय?" मुंगीने विचारलं.

"रानातलं आहे. मी जिथे खुंट्या ठोकतोय ना, तिथे सोमवारी यंत्रं येणार. हे बरोबर माझ्या खुंटीच्या रेषेत होतं."

"मग खुंटी हलवायची ना, बाबा!"

"मी मोजतो गं. हलवणारे वेगळे असतात." बाबा थोडा वेळ डब्याचं झाकण नुसतंच फिरवत बसले. "आसपास सगळीकडे शोधलं. बाकी काही उरलेलं नाही. एवढंच आहे. थंडी सरताना याला पांढरं फूल येतं. कळी वर येते ना, ती पानात लपेटून येते. पहाटे माणूस शाल घेऊन बाहेर पडतो, तसं."

"शालवाली," मुंगी म्हणाली. नाव ठेवून झालं.

मग बाबांनी तिला समजावून सांगितलं, आणि मला त्यांचं सांगणं आवडतं, कारण त्यात अर्ध्याहून जास्त गोष्टी न करण्याच्या होत्या. झाडाखालची वाळलेली पानं उचलायची नाहीत; तेच या रोपाचं अंथरूण. गरमी वाढली की पानं पिवळी पडून नाहीशी होतील, तेव्हा घाबरून पाणी ओतायचं नाही. मूळ खाली झोपलेलं असतं. मूळ दुखावलं तर तांबडा-केशरी चीक येतो, तो अंगाला लागला तर आग होते आणि डाग बरेच दिवस जात नाही, म्हणून हाताला पिशव्या बांधल्याशिवाय हात लावायचा नाही.

"आणि शेंगा पिकल्या की बी कुठे पेरू?"

"तू नाही पेरायचंस. प्रत्येक बीला एक पांढरा तुरा असतो. तो मुंग्यांना फार आवडतो. त्या बी घरी ओढून नेतात, तुरा खातात आणि उरलेलं बी आपल्या केरात टाकतात. तिथे ते रुजतं. बी सुकवलंस तर मात्र संपलं. म्हणून मध्ये यायचं नाही."

"म्हणजे माझं काम काय?"

"बघत बसणं. आणि दुसऱ्या कुणाला मध्ये येऊ न देणं. हे दुसरं जरा जड जाईल."

मुंगीने झाडाखाली गड्डा लावला. काही दिवसांनी शेंगा उकलल्या, तपकिरी चकचकीत बिया बाहेर पडल्या आणि तासाभरात मुंग्यांची रांग लागली. ती बघायला मुंगी बसली असतानाच मागून आवाज आला.

"अरेरे! बिया मुंग्यांना घालतेयस?"

"काका, त्याच पेरतात."

"मुंग्या पेरतात!" बागमास्तर इतक्या मोठ्याने हसले की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. "ऐकलंत का? आता मुंग्या बागकाम करणार. मग आम्ही काय वारुळात जाऊन राहायचं? बाळ, बी कसं पेरतात ते मी दाखवतो तुला." आणि मुंगी नको नको म्हणत असताना त्यांनी सहा बिया उचलल्या, स्वच्छ पुसल्या, खिडकीत आठवडाभर वाळवल्या, पाकिटात घालून वर सुवाच्य अक्षरांत तारीख लिहिली. मग उन्हात कुंडी ठेवून, खत घालून, दोन्ही वेळा पाणी देऊन पेरल्या. कुंडीत हिरवट बुरशी छान उगवली. बागमास्तरांनी निकाल दिला, "बी निकृष्ट आहे."

स्वतःच्या डोक्याबद्दल असा निकाल द्यायचं त्यांना कधी सुचलं नाही.

गरमी वाढली. शालवालीची पानं पिवळी पडली, आडवी झाली आणि एके दिवशी दिसेनाशी झाली. बागमास्तर खास बघायला आले.

"गेलं! मी म्हटलंच होतं."

"झोपलंय ते," मुंगी म्हणाली.

"झोपलंय? मग घोरतंय का गं? जरा कान लावून बघ."

फाटकापाशी उभी असलेली मोठी माणसं हसली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूही हसल्या. दहा वर्षांचं मूल खरं बोलत असलं आणि साठ वर्षांचा माणूस चुकीचं बोलत असला, तर मोठी माणसं कुणाच्या बाजूने हसतात हे तुम्ही आजवर पाहिलंच असेल. वर वाढलेल्या उंचीचा डोक्याच्या आतल्या भागाशी संबंध असतोच असं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा नगराच्या बाग स्पर्धेची सूचना लागली. त्यात यंदा नवा गट होता : सावलीतली बाग. बागमास्तरांना मागची जागा एकदम आठवली. त्यांनी जिन्यात सभा घेतली आणि हातातला नमुना उलगडून दाखवला. प्लास्टिकच्या हिरव्या गवताचा गालिचा. "पाणी नको, खत नको, केर झाला की झटकायचा. मागे हे अंथरू. वर चार कुंड्या."

"माझी शालवाली खाली आहे," मुंगी म्हणाली. 

"बाळ, खाली काही नाहीये."

मुंगीची आई शिवणकाम करत होती तिथून सुई हातात घेऊनच उठून आली. "पोरीला एक संधी तरी द्या. स्पर्धेच्या दिवसापर्यंत फूल आलं तर जागा तिची. नाही आलं तर अंथरा तुमचा गालिचा."

बागमास्तरांनी उदारपणे होकार दिला, आणि ते सूचनाफलकावर लिहूनही टाकलं. जमिनीत काही नाही याची खात्री असलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं!

तेव्हापासून एक विचित्र काम सुरू झालं. बागमास्तर रोज सकाळी झाडाखालची वाळलेली पानं झाडून पोत्यात भरत. मुंगी रोज शाळेतून आल्यावर पोतं ओढत परत आणी आणि पानं होती तिथे पसरून टाकी. तीन महिने तीच पानं त्या दोघांमध्ये येरझारा घालत होती. एका सकाळी बागमास्तरांनी मुंग्यांच्या रांगेवर पांढरी पावडर टाकली. मुंगीने ती ओल्या फडक्याने पुसून काढली, पण मुंग्या शहाण्या. त्यांनी तोवर वाट बदलून भिंतीकडेने नवा रस्ता धरला होता. पावडरच्या डब्यावरचं वाचून घेण्याइतकंसुद्धा शिक्षण न घेता त्यांना जे कळलं, ते आमच्या अध्यक्षांना कळलं नाही.

थंडी सरायला लागली. स्पर्धेला आठ दिवस राहिले, मग सहा. मुंगी सकाळ-संध्याकाळ पानं बोटाने अलगद बाजूला करून बघे आणि पुन्हा झाकून ठेवी. पाच दिवस उरले तेव्हा तिला पेन्सिलीच्या टोकाएवढं काहीतरी फिकट दिसलं. तीन दिवस उरले तोवर ते बोटभर वर आलं होतं. करडं-हिरवं पान स्वतःभोवती घट्ट लपेटलेलं, आणि पानातून डोकावणारी पांढरी कळी. अगदी बाबांनी सांगितलं होतं तशीच, शाल घेऊन.

गुरुवारी ती उमलली. आठ पाकळ्या, मधोमध पिवळा ठिपका. संध्याकाळी पाकळ्या मिटल्या तेव्हा मुंगी आईला म्हणाली, "झोपायची वेळ झाली तिची." अख्खी इमारत बघून गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर दोनदा येऊन गेल्या आणि दुसऱ्यांदा कमरेत वाकून म्हणाल्या, "बाई गं, किती पांढरं असावं एखाद्याने!" बाबा शनिवारी यायचे होते. परीक्षक शुक्रवारी दुपारी.

बागमास्तरही आले. बघत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी काही मत दिलं नाही. मुंगीने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण गप्प माणूस आपल्याला शहाणा वाटतो. ती चूक मोठ्यांचीही होते.

शुक्रवारी सकाळी मुंगी शाळेला गेली. बागमास्तर चौदांपैकी सगळ्यात छोटी खुरपी घेऊन मागे गेले. आता गंमत बघा. पांढरे हातमोजे मळतील म्हणून त्यांनी ते काढून खिशात ठेवले आणि मग खुरपी खुपसली. मूळ आडवं असतं हे त्यांना कोण सांगणार? खुरपी बरोबर मुळावरच बसली. मूळ तुटलं आणि त्यांच्या दोन्ही तळव्यांवर लालभडक ओघळ आले.

"रक्त! अहो, धावा! बोट गेलं माझं!"

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कापूस आणि पट्टी घेऊन धावत आल्या. पुसलं, शोधलं, उलटंपालटं करून बघितलं. दहाच्या दहा बोटं जागेवर. जखम कुठे ओरखड्याएवढीही नाही.

"हे काय खणत होतात?" काकूंनी विचारलं.

"सफाई," बागमास्तर म्हणाले आणि लगबगीने निघून गेले.

पुढच्या अंगणात, भर उन्हात, कुंड्यांच्या मधोमध त्यांनी शालवाली रोवली. मुळाचे उरलेले तुकडे बादलीत टाकून बादली कोपऱ्यात सरकवली. शेजारी पत्र्याची पट्टी खोचली. अक्षर अर्थातच सुवाच्य : 'दुर्मीळ वनपुष्प. स्वतः वाढवलेले.'

शाळा त्या दिवशी लवकर सुटली. मुंगी फाटकातून आत आली तेव्हा परीक्षक नुकत्याच पोहोचल्या होत्या. वयस्कर, काटकुळ्या बाई. पायात चिखलाने भरलेले बूट. बागमास्तर त्यांना एकेक कुंडी अशी दाखवत होते की जणू फुलांना तेच रोज पहाटे रंग देतात. मुंगीची नजर ओळीच्या मध्यावर गेली आणि तिथेच थांबली. ती मागे पळाली. झाडाखाली खड्डा होता. ती तशीच धापा टाकत परत आली.

"आणि हा आमचा मानबिंदू," बागमास्तर सांगत होते. शालवालीच्या आठांपैकी तीनच पाकळ्या उरल्या होत्या. "फार नाजूक असतं हं." असं म्हणून त्यांनी बोट लावलं, आणि उरलेल्या तीनही पाकळ्या गळून पडल्या.

बाई वाकल्या. आधी देठ बघितला, मग पट्टी वाचली, मग बागमास्तरांचे हात बघितले.

"किती दिवस झाले हे लावून?"

"दोन वर्षं तरी."

"मग हात आजच कसे रंगले?"

"हे? हे ना... रंगकाम चाललंय घरी."

"कसलं रंगकाम! सकाळी मी पट्टी घेऊन धावले होते," काकू गॅलरीतून म्हणाल्या. "सफाई करत होते म्हणे. सफाईला रक्त आलं होतं यांच्या!"

"काका, ती माझी आहे," मुंगी म्हणाली. तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. येता येता तिने मनात जुळवलेली वाक्यं ऐकली असतीत तर तुमचे कान लाल झाले असते.

"बाळ, इमारतीतलं सगळं सगळ्यांचंच असतं," बागमास्तर गोड आवाजात म्हणाले.

बाई मुंगीसमोर उकिडव्या बसल्या. "भांडायचंय ना तुला? भांडायलाच हवं. पण मूळ कुठे आहे? उन्हात पडलेलं मूळ तासाभरात वाळेल. या गृहस्थांना वाळायला अजून बराच वेळ आहे. ते संध्याकाळीही इथेच सापडतील."

मुंगीने एकदा बागमास्तरांकडे बघितलं. मग ती वळली. दोन्ही हातांना पिशव्या बांधल्या, शालवालीचा देठ मुळासकट काढला, बादलीतले तुकडे वेचले. तीन होते. दोनांवर बटाट्याच्या डोळ्याएवढे कोंब होते. ते सगळं ओल्या फडक्यात गुंडाळून ती मागे पळाली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. बाई सात मिनिटं थांबल्या. जाताना जिन्याखालच्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अवजारं सुंदर आहेत. अशीच टांगलेली राहू द्या. झाडांच्या दृष्टीने तेच बरं." नगराने छापलेल्या स्पर्धकांच्या फोटोत बागमास्तर पहिल्या ओळीत आहेत, हात पाठीमागे बांधून. पांढरे हातमोजे घातले असते तरी चाललं असतं, पण आतली आग थांबत नव्हती.

बाई गेल्यावर मात्र ते गालिच्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन मागे आले. अपमान झालेला माणूस नियमांना फार घट्ट धरतो. "स्पर्धेचा दिवस आला. इथे फूल नाही. ठरलं म्हणजे ठरलं."

मुंगी खड्ड्यापाशी ओणवी होती. तिने वर बघितलं नाही. बोलल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्या पट्टीचं भेंडोळं हातात घेऊन जिन्यात उभ्या होत्या.

"फूल काल इथेच होतं. मी दोनदा बघितलं. आणि आज ते तुमच्या हातावर आहे, मी तिसऱ्यांदा बघतेय. अजून कुणाला दाखवायचंय का हात? बोलावू का वरच्या मजल्यावरच्यांना?" मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हसले होते मी त्या दिवशी. घोरतंय का म्हणालात तेव्हा. लाज वाटते आता."

बागमास्तरांनी गुंडाळी खांद्यावर सावरली आणि ते गेले. जाताना गालिचा जिन्याच्या दारात अडकला. कुणी मदत केली नाही.

मुंगीने तुकडे आडवे ठेवले, कोंब वरच्या बाजूला. माती लोटली, पोत्यातली पानं आणून वर पसरली. उद्या बाबा येणार होते आणि दाखवायला फूल नव्हतं. डोळे पुसायचे होते, पण हाताला पिशव्या होत्या, म्हणून तिने दंडाला नाक पुसलं. पानं अजून हवी होती. भिंतीच्या कडेला थोडी साठली होती, ती उचलायला ती गेली आणि तिथेच थबकली.

भिंतीच्या फटीपासून, मुंग्यांच्या नव्या रस्त्याच्या कडेकडेने, नखाएवढी गोलसर पानं उभी होती. करडी-हिरवी. तिने मोजली. अकरा. खाली मुंग्यांचा केर होता आणि मुंग्या आपल्या कामाला चालल्या होत्या.

मुंगीने उचललेली पानं होती तिथेच अलगद ठेवली. मग हातातल्या पिशव्या सोडल्या, पुढच्या अंगणात गेली, कुंड्यांमधली ती पत्र्याची पट्टी उपटून आणली आणि उलटी केली. दप्तरातून जाड पेन काढलं, जीभ बाहेर काढून सावकाश अक्षरं लिहिली आणि भिंतीपाशी, रस्ता अडणार नाही अशा बेताने, पट्टी रोवली :

'इथे झाडू नये. मुंग्या काम करत आहेत.'